विश्लेषण : पहाटेच्या गारठ्यात हेजहॉग झोपला की गारठला? फ्लॅटमधील पिंजरा उबदार आणि सुरक्षित कसा करावा?

पिंपळे सौदागरमधील एखाद्या सोसायटीतील जानेवारीची पहाट. रात्रपाळी संपवून घरी आलेले कुणी पिंजऱ्यात डोकावते, तर एरवी रात्रभर चाकावर धावणारा हेजहॉग कोपऱ्यात मुटकुळे करून निपचित पडलेला. हात लावला तर पोट गार. घरातल्या एकाला वाटते तो झोपला आहे, दुसऱ्याला वाटते तो गेला. अनेकदा तो या दोन्हींच्या मधल्या अवस्थेत असतो आणि त्यानंतरच्या तासाभरात काय केले जाते, यावर त्याचे जगणे अवलंबून असते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कुत्र्या-मांजरांच्या पलीकडे जाऊन ‘एक्झॉटिक’ प्राणी पाळण्याची हौस वाढत आहे. हेजहॉग दिसायला गोजिरवाणा, आवाज न करणारा आणि फ्लॅटमध्ये मावणारा. मात्र त्याचा पिंजरा कसा असावा, याकडे घरी आणण्यापूर्वी फारसे कुणी पाहत नाही. त्यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू शोभेची नसते. ती असते तापमापक.

हेजहॉग म्हणजे साळिंदर का?

नाही. सह्याद्रीच्या रानात आढळणारे साळिंदर हा कृंतक, म्हणजे उंदीर-घुशींच्या गटातला प्राणी. त्याचे वजन दहा किलोच्या पुढे जाते आणि काटे वीतभर लांब असतात. हेजहॉगचे नाते साळिंदरापेक्षा चिचुंद्रीशी जवळचे. मराठीत त्याला जाहक असा जुना शब्द आहे, पण बोलण्यात हेजहॉगच रूढ झाला आहे.

जगभर पाळला जातो तो प्रामुख्याने आफ्रिकी पिग्मी हेजहॉग. सेनेगलपासून पूर्व आफ्रिकेपर्यंतच्या गवताळ पट्ट्यात त्याच्या रानटी भाऊबंदांचे वास्तव्य आहे. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन साधारण ३०० ते ६०० ग्रॅम भरते आणि नीट काळजी घेतली तर तो चार ते सहा वर्षे जगतो. तो निशाचर आहे, एकटा राहतो आणि मुख्यतः किडे खातो.

भारतातही हेजहॉगच्या रानटी जाती आहेत. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागात लांब कानांचा आणि फिकट रंगाचा असे दोन प्रकार, तर दक्षिणेत मद्रास हेजहॉग आढळतो. हे वन्यप्राणी आहेत. त्यांना पकडणे, विकणे किंवा घरात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली कारवाईस पात्र ठरते. त्यामुळे ‘गावाकडून आणलेला’ किंवा ‘देशी’ हेजहॉग कुणी स्वस्तात देऊ केला, तर तो घेऊ नये.

मूळचा आफ्रिकेतला प्राणी पुण्यात गारठतो कसा?

पुण्याची हवा उबदार, मग या प्राण्याला वेगळी ऊब कशाला, असा प्रश्न बहुतेकांना पडतो. अडचण दिवसा नसते, ती पहाटे असते. डिसेंबर-जानेवारीत या परिसरात दुपारी पारा २८ ते ३० अंश सेल्सिअसपर्यंत असतो, तर पहाटे तो अनेकदा १० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश अशी नोंद झाली होती. दिवसातला सर्वांत गार क्षण सूर्योदयाच्या थोडा आधी येतो. नेमकी तीच घरातल्या सगळ्यांची साखरझोपेची वेळ.

फ्लॅटच्या आत बाहेरइतका गारठा नसतो. तरीही खिडकी उघडी असेल, खोली उत्तरेकडची असेल किंवा पिंजरा थेट फरशीवर ठेवला असेल, तर पिंजऱ्यातले तापमान २० अंशांच्या खाली जायला वेळ लागत नाही. माणूस पांघरूण ओढून घेतो. पिंजऱ्यातल्या प्राण्याला तो पर्याय नसतो.

युरोपातील रानटी हेजहॉग थंडीपूर्वी अंगात चरबी साठवतो आणि काही महिने शीतनिद्रेत जातो. पाळलेल्या आफ्रिकी हेजहॉगच्या शरीराची तशी तयारी नसते. तापमान साधारण १८ अंशांच्या खाली गेले, तर तो सुप्तावस्थेत जाण्याचा प्रयत्न करतो. हृदयाचे ठोके आणि श्वास मंदावतात, शरीर गार पडते, रोगप्रतिकारशक्ती ढासळते. वेळीच ऊब मिळाली नाही तर यात तो दगावू शकतो. एकदा सुप्तावस्थेत जाऊन वाचलेला प्राणी त्यानंतरच्या दिवसांत पुन्हा गारठण्याचा धोकाही अधिक असतो.

नेमके किती तापमान हवे आणि ते मोजायचे कुठे?

पिंजऱ्यातले तापमान २४ ते २९ अंश सेल्सिअस या पट्ट्यात राहावे, असे पशुवैद्यक सांगतात. सर्वसाधारण घरासाठी २५ ते २६ अंश हे लक्ष्य सोयीचे. ते दिवसरात्र स्थिर राहणे महत्त्वाचे आहे. दुपारी २८ आणि पहाटे १७ अशा चढ-उतारात सरासरी चांगली दिसते, पण प्राणी आजारी पडतो.

भिंतीवरचे किंवा मोबाइलवरचे तापमान येथे उपयोगाचे नाही. मोबाइल शहराचे तापमान सांगतो, पिंजऱ्याचे नाही. हेजहॉग जमिनीलगत वावरतो आणि गार हवा खाली बसते. म्हणून तापमापकाचा सेन्सर अंथरुणापासून चार-पाच सेंटिमीटर उंचीवर, प्राणी जिथे झोपतो त्या बाजूला असावा. चोवीस तासांतील किमान आणि कमाल तापमानाची नोंद ठेवणारा डिजिटल तापमापक घ्यावा. सकाळी उठल्यावर त्यातला ‘किमान’ आकडा पाहिला की रात्री काय घडले ते कळते. त्याच उपकरणात आर्द्रता दिसत असेल तर उत्तम.

तापमानाबरोबर उजेडही मोजूनमापून हवा. हिवाळ्यात दिवस लहान होतो आणि हेही प्राण्याच्या शरीराला सुप्तावस्थेची सूचना ठरू शकते. रोज १२ ते १४ तास खोलीत उजेड राहील, असे पाहावे. खोली अंधारी असेल तर साध्या दिव्याला टायमर लावता येतो. रात्री मात्र पूर्ण अंधार असावा. सतत उजेड राहिला तर निशाचर प्राणी लपूनच बसतो, खात नाही आणि फिरतही नाही.

पिंजरा केवढा आणि कशाचा असावा?

प्राणी मुठीएवढा दिसतो म्हणून लहान पिंजरा घेण्याची चूक सर्रास होते. हेजहॉग रात्रभर फिरणारा आहे. साधारण चार फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा त्याला चांगली. जागेची कितीही अडचण असली तरी तीन बाय दोन फुटांपेक्षा लहान पिंजरा नको. मोठ्या पिंजऱ्याचा आणखी एक फायदा आहे. एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला थोडी गार जागा, असे दोन भाग करता येतात. प्राणी आपल्या गरजेनुसार जागा बदलतो.

पिंजऱ्याचा तळ सपाट आणि भरीव हवा. जाळीच्या तळात नखे आणि बोटे अडकतात, पाय मोडतो. पक्ष्यांचा किंवा सशांचा जुना पिंजरा वापरात आणताना ही गोष्ट हमखास विसरली जाते. गजांमधील अंतर अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी असावे. हेजहॉग चढतो चांगला, पण उतरता येत नसल्याने थेट खाली पडतो. म्हणून बहुमजली पिंजरा टाळावा.

घरी पिंजरा करायचा असेल तर पारदर्शक प्लास्टिकचा मोठा स्टोरेज बॉक्स किंवा सुताराकडून करून घेतलेली प्लायवूडची पेटी चालते. भिंतींची उंची दीड फूट ठेवावी. वरचे झाकण जाळीचे असावे आणि ते घट्ट बसावे. बॉक्सच्या बाजूंना वरच्या भागात भोके पाडली की हवा खेळती राहते. प्लायवूड आतून पुसता येईल असे असावे, नाहीतर लघवी मुरून वास बसतो. प्लास्टिकच्या बॉक्सला उष्णतेचे उपकरण टेकता कामा नये.

घरात पिंजरा कुठे ठेवावा?

फरशीवर, खिडकीखाली, एसीच्या झोतासमोर आणि टीव्हीशेजारी नको. ड्राय बाल्कनी तर मुळीच नको. तिथे पहाटेचा गारठा असतो, वॉशिंग मशीनची धडधड असते, साबण-फिनाइलचा वास असतो आणि मांजर येण्याची शक्यता असते. दरवाजा सतत उघडणाऱ्या प्रवेशमार्गातही झोत लागतो.

आतल्या भिंतीलगत, जमिनीपासून दोन-अडीच फूट उंचीच्या भक्कम टेबलावर पिंजरा ठेवणे चांगले. सकाळचे किंवा संध्याकाळचे थेट ऊन पिंजऱ्यावर पडत नाही ना, हे दोन दिवस वेगवेगळ्या वेळी पाहून ठरवावे. पश्चिमेकडच्या खिडकीतून येणारे मार्चचे ऊन बंद पेटीला तासाभरात भट्टी बनवू शकते.

खाण्यामुळे मुंग्या येतात. त्यासाठी कीटकनाशक खडूची रेघ किंवा फवारा मारू नये. टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची घरोघरची जुनी युक्ती येथे पुरेशी आहे. विजेची वायर मात्र त्या पाण्याजवळून जाऊ देऊ नये.

लाकडाचा भुसा अंथरला तर?

भोसरी, चाकण परिसरातल्या कारखान्यांमध्ये यंत्रांचे सुटे भाग लाकडी पेट्यांतून येतात-जातात. त्या पेट्या आणि पॅलेट बहुधा पाइनच्या लाकडाचे असतात. त्यांचा भुसा आणि रंध्याचे काप सहज मिळतात आणि ऊबदार म्हणून पिंजऱ्यात टाकले जातात. हे टाळावे. पाइन आणि देवदारासारख्या लाकडांतील सुगंधी तेलांमुळे लहान प्राण्यांच्या श्वासमार्गाला त्रास होतो. शिवाय परदेशी जाणाऱ्या लाकडी पेट्यांवर कीड मारण्यासाठी प्रक्रिया करावी लागते. ती उष्णतेने केली असेल तर शिक्क्यात ‘एचटी’ आणि मिथाइल ब्रोमाइड वायूने केली असेल तर ‘एमबी’ अशी अक्षरे असतात. भुसा झाल्यावर तो शिक्का कुठेच दिसत नाही.

बारीक भुसा नाकाडोळ्यांत जातो हे वेगळेच. त्याऐवजी फ्लीसचे कापड उत्तम. ते मऊ, उबदार असते आणि धुऊन पुन्हा वापरता येते. त्याच्या कडा शिवून घ्याव्यात. सुटा धागा पायाभोवती गुंडाळला तर रक्तपुरवठा थांबून बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येते. जुना टॉवेल याच कारणासाठी धोक्याचा, कारण त्याच्या फासांत नखे अडकतात. कागदापासून केलेले, धूळ नसलेले अंथरूणही चालते. छापील वर्तमानपत्र तात्पुरते ठीक, रोजच्या वापरासाठी नाही.

ऊब द्यायची कशी?

यासाठी सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे सिरॅमिक हीट एमिटर. हा दिव्यासारखा होल्डरमध्ये बसतो, पण उजेड देत नाही, केवळ उष्णता देतो. मध्यम आकाराच्या पिंजऱ्यासाठी ६० ते १०० वॅटचा एक पुरतो. त्याचा पृष्ठभाग प्रचंड तापतो. त्यामुळे होल्डर चिनी मातीचाच हवा, प्लास्टिकचा वितळतो. एमिटरभोवती धातूची टोपी आणि खाली जाळी असावी. पिंजऱ्याच्या वर तो साखळीने टांगावा. नुसत्या चिमट्यावर अडकवलेली टोपी निसटून कापडावर पडली तर आग लागू शकते. प्राण्यापासून आणि कापडापासून किमान एक फूट अंतर ठेवावे आणि पाकिटावरच्या सूचना त्याहून कडक असतील तर त्या पाळाव्यात.

दुसरा पर्याय पिंजऱ्याच्या तळाखाली लावायच्या हीटिंग मॅटचा. ही तळाच्या फार तर अर्ध्या भागाखाली असावी, म्हणजे प्राण्याला बाजूला होता येते. मॅट तळ तापवते, पण हवा फारशी गरम करत नाही. म्हणून जानेवारीत ती एकटी पुरत नाही.

पिवळा बल्ब, लाल बल्ब, खोलीत झोत फेकणारा ब्लोअर आणि प्राण्यांना बसायला मिळणारे ‘तापणारे दगड’ टाळावेत. बल्बचा उजेड झोपेचे चक्र बिघडवतो. ब्लोअर हवा कोरडी करतो आणि रात्रभर चालू ठेवणे धोक्याचे असते. दगडाने पोट भाजते आणि काट्यांखाली ते लवकर दिसतही नाही.

थर्मोस्टॅट नसेल तर चालणार नाही का?

चालणार नाही. थर्मोस्टॅटशिवाय हीटर म्हणजे ब्रेकशिवाय गाडी. अंडी उबवण्याच्या पेट्यांना असतो, तसाच सेन्सर असलेला थर्मोस्टॅट येथेही वापरतात. २५ किंवा २६ अंशांवर लावला की त्याखाली तापमान जाताच हीटर सुरू होतो आणि ठरलेला आकडा गाठला की बंद.

येथे एक चूक जिवावर बेतते. थर्मोस्टॅटचा सेन्सर पिंजऱ्याबाहेर निसटला, तर त्याला बाहेरची गार हवा लागते. आत कितीही तापले तरी हीटर थांबत नाही. त्यामुळे सेन्सर आत पक्का बांधावा. तो थेट एमिटरच्या खाली नको, ओल्या कापडाखालीही नको. थर्मोस्टॅटवरचा आकडा खरा आहे का, हे पडताळण्यासाठी वेगळा तापमापक हवाच. दोन्हींत मोठा फरक दिसला तर काहीतरी बिघडले आहे, असे समजावे.

विजेचा खर्च फार नाही. १०० वॅटचा हीटर सलग दहा तास चालला तर एक युनिट वीज लागते. थर्मोस्टॅटमुळे तो थांबत-थांबत चालतो. दिवसभरात एकूण आठ तास चालला, तर महिन्याला साधारण २४ युनिट होतात.

जोडणी करताना हीटरसाठी भिंतीतला स्वतंत्र सॉकेट वापरावा. स्वस्त मल्टीप्लगवर टीव्ही, राउटर आणि हीटर एकत्र नको. घराच्या वितरण पेटीत गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे. पडदा, वर्तमानपत्रे आणि गाद्या हीटरपासून लांब असाव्यात.

सगळी मांडणी झाली की प्राणी आणण्यापूर्वी रिकामा पिंजरा दोन रात्री चालवून पाहावा. दोन्ही सकाळी किमान तापमान २४ अंशांच्या वर राहिले, तरच पिंजरा तयार झाला असे म्हणता येईल.

वीज गेली तर?

औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा देखभाल-दुरुस्तीचा दिवस म्हणून परिचित आहे. महावितरणचा संदेश आला की बहुतेक जण पाण्याची टाकी भरून ठेवतात. हेजहॉग असलेल्या घराने उबेचीही तयारी ठेवावी. सोसायटीचे जनरेटर अनेकदा लिफ्ट आणि पाण्याच्या पंपापुरतेच असते. घरातला इन्व्हर्टर हीटरचे वॅट पेलू शकतो का आणि किती तास, हे आधी पाहावे.

विजेशिवाय काही तास काढायचे असतील तर पिंजऱ्याची गार बाजू आणि वरचा भाग जाड चादरीने झाकावा, हवेसाठी एक फट ठेवावी. हीटर बंद असल्याची खात्री करूनच चादर टाकावी, कारण वीज परत आल्यावर झाकलेला हीटर आगीला निमंत्रण देतो. प्लास्टिकच्या बाटलीत कोमट पाणी भरून, ती जाड कापडात गुंडाळून, झोपायच्या जागेशेजारी ठेवावी. दर दोन तासांनी पाणी बदलावे. उकळते पाणी किंवा उघडी रबरी पिशवी थेट अंगाला लावू नये. कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवणे तर माणसांच्याही जिवावर बेतते.

हेजहॉग थंड पडलेला दिसला तर काय करावे?

झोपलेला निरोगी हेजहॉग हात लागताच फुसफुसतो, काटे ताठ करतो. त्याचे पोट उबदार असते. गारठलेला हेजहॉग अर्धवट गुंडाळलेला असतो, प्रतिसाद मंद असतो, पोट आणि पाय गार लागतात. उठवला तर तो झोकांड्या देतो. श्वास इतका सावकाश असू शकतो की तो मेला असे वाटते. म्हणूनच पोटाला हात लावून ऊब पाहिल्याशिवाय आणि पशुवैद्यकाने तपासल्याशिवाय त्याला मृत समजून पुरण्याची घाई करू नये.

पहिला उपाय म्हणजे माणसाच्या अंगाची ऊब. हेजहॉगला मऊ कापडात गुंडाळून कपड्याच्या आत पोटाशी धरावे. दुसऱ्या बाजूला कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवावी. ऊब सावकाश वाढली पाहिजे. त्याला गरम पाण्यात बुडवणे, हेअर ड्रायरचा झोत देणे किंवा थेट हीटरखाली ठेवणे घातक ठरते.

पूर्ण शुद्धीवर येऊन हालचाल करेपर्यंत तोंडात पाणी, दूध किंवा अन्न घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. दूध तर नंतरही नको, त्याला ते पचत नाही. तासाभरात सुधारणा दिसली नाही, श्वास अडखळत असेल किंवा नाकातून स्राव येत असेल तर लगेच दवाखाना गाठावा. तो सावरला तरी त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे. ऊब मिळूनही झोकांड्या जात नसतील तर मज्जासंस्थेचा आजार असू शकतो आणि त्यावरचे उपचार वेगळे असतात.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने चौकाचौकात आहेत, पण हेजहॉग तपासण्याचा अनुभव सगळ्यांना नसतो. त्यामुळे प्राणी आणण्यापूर्वीच दोन-तीन दवाखान्यांत विचारून, रात्री उपलब्ध असणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक पिंजऱ्यावर चिकटवून ठेवावा.

उन्हाळा आणि पावसाळ्यात काय बदलावे?

एप्रिल-मेमध्ये प्रश्न उलटा होतो. बाहेर पारा ४० अंशांकडे जातो आणि वरच्या मजल्यावरचा फ्लॅट दुपारी तापतो. पिंजऱ्यात ३० अंशांच्या पुढे गेले की हेजहॉग सुस्तावतो, पाय पसरून पोटावर पडून राहतो. त्याहून अधिक तापल्यास उष्माघात होऊ शकतो. अशा वेळी खोलीचा पडदा ओढावा, पिंजऱ्याच्या एका बाजूला गार सिरॅमिक टाइल ठेवावी, गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पिंजऱ्याबाहेर टेकवावी. एसी लावला तर झोत पिंजऱ्यावर येऊ देऊ नये आणि तो २५-२६ अंशांवर ठेवावा. रात्री १८ अंशांवर एसी लावून झोपणाऱ्या घरात मे महिन्यातही हेजहॉग गारठू शकतो. थर्मोस्टॅट म्हणूनच वर्षभर जोडलेला असावा.

जून ते सप्टेंबर ओलाव्याचा काळ. आफ्रिकी हेजहॉगला कोरडी हवा मानवते, आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास असली तर उत्तम. पावसाळ्यात इथे ती दुपटीने असते. अंथरूण दमट राहते, बुरशी धरते, त्वचेचे आणि श्वासाचे आजार होतात. या काळात फ्लीसचे तीन-चार संच ठेवावेत आणि पूर्ण वाळलेलाच घालावा. लघवीची आणि विष्ठेची जागा रोज पुसावी. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येते. रोज थोडे-थोडे पुसले तर आठवड्यातून एकदाच सगळा पिंजरा धुवावा लागतो. धुण्यासाठी सौम्य साबण पुरे, फिनाइल नको.

पिंजऱ्यात आणखी काय असावे?

एक लपण्याची जागा, एक चाक, अन्नाची आणि पाण्याची जड, न कलंडणारी भांडी. चाक सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचे आणि भरीव पृष्ठभागाचे हवे. तारांच्या चाकात पाय अडकून मोडतो, लहान चाकात पाठ वाकते. नळकामाच्या दुकानात मिळणारा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप कापून, कडा घासून घेतल्या की छान बोगदा होतो.

एका पिंजऱ्यात एकच हेजहॉग ठेवावा. दोन नर भांडतात. नर-मादी एकत्र ठेवले तर पिल्ले होतात आणि घाबरलेली आई पिल्लांना मारू शकते. ‘एकट्याला करमणार नाही’ ही माणसाची काळजी आहे, हेजहॉगची नाही.

आठवड्यातून एकदा त्याचे वजन करावे आणि वहीत लिहावे. खाणे आणि वजन अचानक कमी होणे ही थंडीची किंवा आजाराची पहिली खूण असते. डासांची कॉइल, धूप आणि सोसायटीतील पेस्ट कंट्रोलची फवारणी असेल तेव्हा पिंजरा दुसऱ्या खोलीत हलवावा. तिथेही ऊब लागेल हे विसरू नये.

घरातल्या माणसांना काही धोका आहे का?

हेजहॉग निरोगी दिसत असला तरी त्याच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. अमेरिकेत २०२० मध्ये पाळीव हेजहॉगशी संबंधित साल्मोनेलाच्या साथीत ४९ जण आजारी पडल्याची नोंद तेथील रोग नियंत्रण केंद्राने केली. लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना याचा त्रास अधिक होतो. प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, त्याचे मुके घेऊ नयेत, चाक आणि भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नयेत. पाच वर्षांखालील मूल घरात असेल तर हा प्राणी न आणणेच शहाणपणाचे.

घेण्यापूर्वी आणि नकोसा झाल्यावर काय?

पाळीव प्राण्यांच्या दुकानांना २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. ती दाखवायला सांगावी, पावती घ्यावी, प्राणी कुठे जन्मला याची नोंद मागावी. आफ्रिकी करड्या पोपटासारख्या, आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ यादीतील प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. आफ्रिकी पिग्मी हेजहॉग त्या यादीत नाही. तरीही कागद नसलेला प्राणी घेऊ नये, कारण तो चोरट्या मार्गाने आलेला किंवा रानातून पकडलेला असू शकतो. रानटी प्राणी विकला जात असल्याचे दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवता येते.

हौस फिटली म्हणून पवनेच्या काठी किंवा उद्यानात हेजहॉग सोडून देणे म्हणजे त्याला मरायला सोडणे होय. कुत्रे, वाहने आणि पहिलीच गार पहाट यांतून तो वाचत नाही. सांभाळणे जमत नसेल तर पशुवैद्यकाच्या मदतीने अनुभवी पालक शोधावा.

दिवाळीत गावी जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली देण्याची पद्धत सोसायट्यांत आहे. हेजहॉगच्या बाबतीत किल्लीबरोबर एक कागदही द्यावा : रोज सकाळी तापमापकातील किमान आकडा पाहा, तो २४ च्या खाली असेल तर फोन करा. अन्न एखाद्या दिवशी उशिरा पडले तर निभावते. पहाटेचा गारठा वाट पाहत नाही. हा आकडा रोज पाहणारे कुणी घरात असेल, तरच हेजहॉग आणण्याचा विचार करावा.